मन्मथअप्पांचं सिमकार्ड

लेकीकडे जर्मनीला जायचा आमचा व्हिसा आला, त्याचे पेढे घेऊन मी शेजारच्या मन्मथअप्पांकडे गेलो. अप्पांनी पेढा हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबवून विचारलं, “विमान उतरलं. फोनला टॉवर न्हाई. पोरगी बाहेर उभी, तुम्ही आत. सांगा सर, पहिलं काय करणार?”

मी म्हणालो, “बॅगा घेणार.”

“चूक,” अप्पा म्हणाले आणि पेढा परत पुड्यात ठेवला.

मला धक्का बसला. लातुरात हा शब्द जपून वापरावा लागतो. मी मूळचा नांदेडचा. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा धक्का बसला तरी कुणी मान वर करत नाही. इथे तुम्ही ‘धक्का बसला’ म्हणालात की समोरचा आधी छताच्या पंख्याकडे बघतो, पंखा हलत नाही ना याची खात्री करतो आणि मग ‘कशाचा?’ म्हणून विचारतो. भूकंपाला इतकी वर्षं झाली तरी ही सवय गेलेली नाही. पण अप्पांच्या शेजारी राहून मला जे बसत आले, त्यांना दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मन्मथअप्पा एका ज्युनिअर कॉलेजात कारकून होते. उभी नोकरी त्यांनी प्रवेशाच्या फॉर्मच्या खिडकीत काढली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक साधा जुना फोन. तो फोन कधीही, कुठेही, कुठल्याही कारणाने बंद नसायचा. लग्नात नाही, मयतीत नाही, मठात महाराजांचं प्रवचन चालू असतानाही नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एकटा माणूस, पण चार्जर तीन. मला हे कोडं कधी उलगडलं नव्हतं.

त्यांचं एक पालुपद होतं. “रकाना रिकामा नको!” समोर छापील कागद आला की त्यांच्यात वीज संचारायची. एकदा माझ्या बायकोने, सुनीताने, वाचनालयाच्या फॉर्मवर ‘छंद’ हा रकाना सोडून दिला होता. अप्पा हटूनच बसले. “अक्का, काईबी लिवा, पर लिवा.” शेवटी तिने वैतागून ‘विणकाम’ लिहिलं. मग अप्पा दर महिन्याला विचारायला लागले, विणकाम कुठवर आलं? तिला ते खरोखर शिकावं लागलं. आज माझ्याकडे सहा स्वेटर आहेत. लातूरच्या हवेत त्यांचं मी काय करावं, हे अप्पांनी सांगितलेलं नाही.

आमची गल्ली ट्यूशन एरियाला लागून आहे. आमच्या इथे ज्याच्या माडीवर शिकायला आलेली पोरं भाड्याने राहत नाहीत, तो माणूस एकतर भांडखोर असतो, नाहीतर इतिहासाचा मास्तर असतो. मी दोन्ही असल्यामुळे आमची माडी रिकामी. बाकी सगळीकडे कंधारची, रेणापूरची, माहूरची पोरं फिजिक्स-केमिस्ट्री घोकत असतात. ज्यांना इथल्या मेडिकलला नंबर लागतो ते सुटतात. ज्यांना लागत नाही त्यांतली काही पोरं डॉक्टर व्हायला रशियाला, जॉर्जियाला, फिलिपिन्सला जातात. ज्यांच्या आजोबांनी सोलापूरला जायचं म्हणून दोन दिवस आधी दशम्या बांधल्या, ती पोरं चार विमानं बदलून जायला लागली.

आणि जाण्यापूर्वी त्यांतलं बहुतेक प्रत्येक पोर अप्पांच्या ओसरीतून जायचं. कुठलं सिम घ्यावं, कुठे घ्यावं, कधी घालावं, यातला आमच्या भागातला शेवटचा शब्द म्हणजे मन्मथअप्पा. परत येताना लोक त्यांच्यासाठी चॉकलेटं आणत नसत, वापरून संपलेलं सिमकार्ड आणत. पोस्टाच्या तिकिटांच्या एका जुन्या वहीत अप्पांनी ती चिकटवली होती. खाली देशाचं नाव, आणणाऱ्याचं नाव आणि ‘शेरा’ या रकान्यात एक वाक्य. ‘डोंगरात चालत नाही.’ ‘पासपोर्ट दाखवल्याबिगर देत नाहीत.’ ‘तिसऱ्या दिवशी मेलं.’

तर आमची तयारी सुरू झाली. सकाळी सात वाजता अप्पा छापील पेपर घेऊन हजर. चाळीस प्रश्न, चार पर्याय, गोल काळे करायचे. चुकलं तर मार्क वजा. मी उडालोच. सत्तावीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला स्वतःच्या घरात, बनियनवर, पेपरला बसवलं होतं.

“पर्याय समजून घ्या,” अप्पा म्हणाले. “अ, आपल्याच सिमवर परदेशातलं रोमिंग. ते इथूनच चालू करून जायचं, तिथं जाऊन बोंबलायचं न्हाई. ब, तिथल्या विमानतळावर उतरून विकत. रांग असती आन भाव चढा असतो. क, इथूनच प्रवासी सिम घेऊन जायचं. ड, ई-सिम. म्हंजे जे दिसत न्हाई, पर असतंय.”

“देवासारखं,” सुनीता म्हणाली.

“देवाला कुठलाबी फोन चालतो, अक्का. ह्याला न्हाई चालत. सरांच्या फोनला तर मुळीच न्हाई.”

मग नियम. पहिला नियम त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणून घेतला. “आपलं सिम फोनातून काढायचं न्हाई. कवाच न्हाई! पहिल्या खणात आपलं, दुसऱ्या खणात परकं. आपल्याचं डेटा रोमिंग बंद, पर सिम जित्तं पायजे. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतोय. कुणी शोधलं तर त्याच्यावरच शोधणार. आपला नंबर मेला की माणूस बेवारस.” दुसरा नियम, फोनमधल्या सगळ्या नंबरांच्या आधी अधिक एक्याण्णव लावायचं, नाहीतर तिकडून लागत नाहीत. तिसरा, चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचे. “फोन मरतो. कागद मरत न्हाई.”

लेखी झाल्यावर प्रात्यक्षिक. सिमचा खण उघडायची बारीक पिन अप्पांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असे. सुनीता झाली विमानतळावरची अधिकारी. मी झालो प्रवासी. वेळ दोन मिनिटं. समोर नाश्त्याला सुशीला होती, म्हणजे आमच्याकडे मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात ती. मी पिन खुपसली, खण सटकन बाहेर आला आणि नखाएवढं सिम उडून ताटात पडलं. शेंगदाणे, कोथिंबीर आणि भिजलेल्या मुरमुऱ्यांत सिमकार्ड शोधून बघा एकदा. आम्ही तिघं पाऊण तास ताट निवडत होतो. सापडलं तेव्हा त्याला हळद लागली होती.

“अक्का पास,” अप्पांनी निकाल लावला. “सर, तुम्ही रिपिटर बॅच.”

लातुरात रिपिटर म्हणजे मेडिकलचा नंबर हुकून पुन्हा वर्षभर त्याच बाकावर बसणारा. माझ्या वयाला तो शब्द लागेल असं मला वाटलं नव्हतं. मी रागावून दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन आले.

जर्मनीत उतरल्यावर सुनीताचा फोन सुरू झाला. माझा होईना. मी अर्धा तास विमानतळावर फोन डोक्यावर धरून टॉवर शोधत फिरलो, दोन पोलिसांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. शेवटी सुनीताने तो हातातून घेतला आणि एकच बटण दाबलं. विमानात चढताना फोन ‘विमान मोड’वर टाकला होता, तो मी काढलाच नव्हता. अप्पांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. बॅगा नव्हे.

परत आलो तेव्हा तिकडचं सिम घेऊन निमूटपणे अप्पांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी ते वहीत चिकटवलं. शेऱ्यात लिहिलं, ‘सिम उत्तम. वापरणारा कच्चा.’ मी वही चाळली, पंधरा-सोळा देश होते. सहज विचारलं, “यातले तुम्ही किती बघितलेत?”

“मी?” अप्पा गोंदाची बाटली बंद करत म्हणाले. “मी पुण्याच्या पुढं गेलो न्हाई.”

मी हबकलो. ज्याने मला सात वाजता उठवून विमानातून उतरायला शिकवलं, त्याने विमान जवळून पाहिलं नव्हतं! मग वाटलं, यात नवल ते काय. आमच्या ट्यूशन एरियात मेडिकलची पायरी न चढलेले सर दरवर्षी गाडीभर डॉक्टर पाठवतातच की.

पण अप्पांना जायला जागा होती. बालाजी नावाचा त्यांचा पुतण्या इंग्लंडात डॉक्टर होता. दरवर्षी तो बोलवायचा आणि दरवर्षी अप्पा काहीतरी काढायचे. गुडघा, श्रावण, मठाचं काम. एकदा मी फारच खोदून विचारलं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

“इमानात फोन बंद ठेवावा लागतोय, सर. मुंबईपासून तिथवर धा तास. धा तास फोन बंद? आन तेवढ्यात कुणी लावला तर?”

मी हसलो. हसत हसत म्हणालो, “अप्पा, तुम्हाला कोण फोन करणार आहे?”

अप्पांनी फोन खिशातून काढला, पडदा शर्टाला पुसला, परत ठेवला. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवाळीत बालाजीने मात्र पेचच टाकला. त्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती. त्याने फोनवर सांगितलं, “अप्पा, नाव तुम्हीच ठेवायचं. तुम्ही येईपर्यंत बारसं नाही. इथल्या कागदावर तिच्या नावाचा रकाना रिकामा ठेवलाय.”

अप्पा पांढरेफटक पडले. रिकामा रकाना, आणि तोही घरच्या लेकराचा! पंधरा दिवसांत त्यांचा पासपोर्टचा अर्ज गेला. पुढचे सगळे फॉर्म त्यांनी एकहाती भरले. खाडाखोड नाही, एक अक्षर रेघेबाहेर नाही. इंग्लंडचं सिम मागवून ठेवलं, बालाजीने पाठवलेल्या नव्या फोनात घालून, काढून, पुन्हा घालून पाहिलं.

निघण्याच्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. हातात जुना फोन, बगलेत जाडजूड फाईल. खुर्चीत बसले, पिन काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत स्वतःचं सिम बाहेर काढलं.

“अहो अप्पा! पहिला नियम!”

“ठाव हाय. तुमच्या फोनात दोन खण हायत. दुसऱ्यात हे घाला.”

“आणि तुमचे ओटीपी?”

“ऱ्हाऊ द्या ओटीपी. तीन आठवडे उचलायचा. कुणाचाबी उचलायचा. ‘अप्पा न्हाईत’ असं म्हणायचं न्हाई, ‘बोला’ म्हणायचं. नाव कळलं न्हाई तर फाईलीत बघा.” दारापर्यंत जाऊन ते परत आले. “सर, विमान मोड लावू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. एका मुलीचा आवाज. “अप्पा, उठले.” खट्. बंद. मी फोनकडे बघत राहिलो. दोन मिनिटांनी एक मुलगा. “अप्पा, उठलो.” मग आणखी एक. साडेसहापर्यंत असे पुष्कळ फोन आले. सगळ्यांना सांगायचं एकच होतं, की आपण उठलो. सुनीता चहाचं पातेलं हातात धरून तशीच उभी होती. हा माणूस रोज सकाळी एकटा बसून हे ऐकत होता?

आठ वाजता कंधारहून एक बाई. “अप्पा, पोरगं लई सुकलंय का वं? फोनवर म्हणतंय बरं हाय. तुम्ही बघून सांगा.” मी ‘बोला’ म्हणून बसलो होतो, आता बोलावं लागलं. दुपारी एका वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, अमक्या मुलाचे स्थानिक पालक तुम्हीच ना? त्याला ताप आहे, येऊन सही करा.

मी फाईल उघडली. आत फॉर्मच्या झेरॉक्स होत्या. वसतिगृहांचे, क्लासचे, मेसचे. इथे पोरगं ठेवायचं तर प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो, ‘स्थानिक पालक’. माहूर-कंधारकडच्या माणसाचं लातुरात कोण असणार? बस स्टँडवर उतरून विचारत येतात बिचारे. त्या प्रत्येक फॉर्मवर तो रकाना एकाच वळणदार अक्षरात भरलेला होता. नाव, मन्मथअप्पा. खाली त्यांचा नंबर. आणि ‘विद्यार्थ्याशी नाते’ या ठिकाणी सगळीकडे एकच शब्द, ‘अप्पा’.

मी त्या मुलाला दवाखान्यात नेलं, सही केली. ‘तुम्हाला कोण फोन करणार आहे?’ मीच म्हणालो होतो ना?

रोज दुपारी इंग्लंडहून खुद्द अप्पांचा फोन यायचा. “टॉवर हाय का?” एवढंच. मी सगळा अहवाल द्यायचो. ते “बरं” म्हणायचे.

रविवारी संध्याकाळी त्या नंबरवर एक फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेचना. फक्त श्वास. मी ‘हॅलो, हॅलो’ करून घसा कोरडा केला. रविवारी क्लासच्या टेस्टचा निकाल लागतो हे मला ठाऊक होतं, आणि लातुरात राहणाऱ्या माणसाला अशा शांततेची भीती वाटते. मी खरंच घाबरलो. हा फोन तसाच चालू ठेवून सुनीताच्या फोनवरून अप्पांना लावला.

“ठेवू नका!” अप्पा ओरडलेच. “वैष्णवी हाय ती, माहूरची. बाप गडाच्या पायथ्याला ओटीचं सामान विकतो. मार्क कमी पडले की लावती. बोलत न्हाई. तुम्हीबी बोलू नका. फोन ओट्यावर ठेवा आन आपलं काम करा. घरात माणूस हाय एवढं कळलं पायजे तिला. मी तर भांडी घासत बसतो.”

“घासलेलीच?”

“मंग? एकट्याची भांडी ती किती असणार?”

सुनीताने फोन ओट्यावर ठेवला आणि भाकरी थापायला घेतल्या. थप थप थप. मी मिठाचा डबा उगाच इकडून तिकडे ठेवला, नळ सोडला, बंद केला. वीस मिनिटं गेली. चौथी भाकरी तव्यावर असताना ओट्यावरून बारीक आवाज आला.

“अप्पा, तुमच्याकडं भाकरी कोण करायलंय?”

सुनीताने पिठाच्या हाताने फोन उचलला. “मी, शेजारची अक्का. येतीस का खायला? दोन गल्ल्या तर हायत.”

ती आली. तीन भाकऱ्या खाल्ल्या, जाताना ताट धुऊन ठेवलं. मी आत जाऊन पंख्याकडे बघत उभा राहिलो. पंखा स्थिर होता. हललो होतो तो मीच.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी बालाजीचा फोन आला. मी त्याला म्हणालो, तुझ्या काकांनी आम्हाला चांगलंच कामाला लावलंय.

“सर, मी त्यांचा पुतण्या नाही. कुणीच नाही. भूकंप झाला तेव्हा मी लातुरात वसतिगृहात होतो, अकरावीला. आमचं गाव औशाच्या पलीकडं. सगळ्या पोरांना घरचे येऊन घेऊन गेले. माझ्या घरचं येण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. आणि वसतिगृहाचा नियम, स्थानिक पालक आल्याशिवाय सोडायचं नाही. माझ्या फॉर्मवर तो रकाना रिकामा होता. दोन दिवस मी ट्रंक घेऊन फाटकापाशी बसलो होतो. उठलो का, झोपलो का, विचारणारं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजचे एक कारकून आले, माझाच फॉर्म घेऊन. रकान्यात स्वतःचं नाव लिहिलेलं. शाई ओली होती.”

“पण त्यांना कसं कळलं?”

“फॉर्म त्यांनीच घेतला होता सर, खिडकीतून. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, साहेब, इथं काय लिहू, आमचं तर लातुरात कुणी नाही. तेव्हा अप्पा म्हणाले होते, ऱ्हाऊ द्या, चालतंय.” बालाजी म्हणाला. “ते ‘चालतंय’ त्यांनी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. काल त्यांनी मुलीचं नाव ठेवलं, गंगा. माझ्या आईचं. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या त्या फॉर्मवर वाचलं होतं.”

फोन ठेवल्यावर मी पुन्हा फाईल काढली. तळाशी तो पिवळा पडलेला फॉर्म होता. सगळा मजकूर एका शाईत, एक रकाना दुसऱ्या. आणि त्याच्याही खाली, अप्पांच्या सवयीप्रमाणे, त्यांच्या स्वतःच्या प्रवासविम्याच्या अर्जाची झेरॉक्स. मी ती नुसती कुतूहल म्हणून वाचली. नाव, वय, पासपोर्ट, सगळं मोत्यासारखं. मग एक रकाना, ‘आणीबाणीच्या वेळी भारतात संपर्क’.

तिथे अप्पांनी स्वतःचाच नंबर लिहिला होता.

आधी मला हसू आलं. फॉर्मच्या खिडकीत जन्म काढलेल्या माणसाची ही चूक! परदेशात अप्पांना काही झालं, तर इंग्लंडवाले फोन लावणार अप्पांनाच? हसू ओठावरच राहिलं. चूक नव्हती ती. रकाना रिकामा ठेवायचा नव्हता आणि लिहायला दुसरं नाव नव्हतं. बालाजी तर तिकडेच. इकडे ज्यांचे ज्यांचे ते ‘अप्पा’ होते, ती सगळी लेकरं. म्हणून लिहिला आपलाच नंबर, आणि तो नंबर कुणीतरी उचलावा म्हणून सिम काढून माझ्या हातात दिलं. भिंतीला भिंत लागून मी इतकी वर्षं राहतो, पण ‘सर, तुमचं नाव लिहू का’ असं विचारायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. कारण मी हसून विचारलं होतं, तुम्हाला कोण फोन करणार आहे.

अप्पा परत आले. बॅग ओसरीवर टाकून थेट आमच्याकडे. “किती फोन सुटले?”

“एकही नाही.” मी सिम काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. या वेळी उडालं नाही.

“प्रगती हाय,” ते म्हणाले. वहीत चिकटवायला इंग्लंडचं सिम त्यांनी खिशात जपून आणलं होतं.

“अप्पा, बसा. आता तुमचा पेपर.” मी ती झेरॉक्स समोर ठेवली. “प्रश्न एकच. उत्तर चुकलंय तुमचं.”

अप्पांनी पाहिलं. विभूतीखालच्या आठ्या हलल्या. त्यांचा नंबर मी खोडला होता आणि शेजारी माझं नाव, माझा नंबर लिहिला होता. पुढे ‘नाते’ होतं. ते मी कोरं सोडलं होतं. तासभर पेन धरून बसलो, पण मला योग्य शब्द सापडला नव्हता. ‘शेजारी’ लिहायला हात धजला नाही.

“रकाना रिकामा हाय, सर,” अप्पा हळूच म्हणाले.

“मी रिपिटर. तुम्ही भरा.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं. आयुष्यात कुठल्या रकान्यापाशी अडखळले नसतील ते त्या दिवशी अडखळले. सुनीता चहा घेऊन आली आणि कप तसाच धरून थांबली. मग त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘घरचे’. कागदाची घडी घातली, फाईलीत सगळ्यांच्या वर ठेवली आणि चहा बशीत ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी फोन घेतला आणि त्यांचा नंबर लावला. भिंतीपलीकडे घंटी वाजलेली मला ऐकू आली.

“अप्पा, उठलो.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. फक्त श्वास. मी काही बोललो नाही, फोन तसाच चालू ठेवला. सुनीताने स्वयंपाकघरात भांडं वाजवलं.

मग नाक ओढल्याचा आवाज आला. “साडेसात वाजले, सर,” अप्पा म्हणाले. “बाकीची पोरं सहालाच उठलीत.”